अजून लाकूडच आहे

एकेचाळीस वर्षं रेल्वेत गँगमनचं काम करून मी, जितराय बास्के, गावी परत आलो, तेव्हा आमच्या घरात तीरकामठा नव्हता. संथाळाचं घर आणि तीरकामठा नाही, हे बोलायलाही ओशाळं वाटतं. पण त्याला कारण होतं. माझा थोरला भाऊ रायसेन दोन वर्षांपूर्वी गेला आणि रीतीप्रमाणे त्याचा कामठा त्याच्याबरोबर गेला. त्याच्या दोन्ही मुली लग्न होऊन आपापल्या घरी. माझी बायको मुलीच्या बाळंतपणासाठी खरगपूरलाच थांबलेली. त्यामुळे घरात आम्ही दोघंच, मी आणि माझी वहिनी सालगे.

भाताची कापणी संपली, झोडणी झाली, आणि एका सकाळी ओट्यावर मुढी, म्हणजे चुरमुरे, खाता खाता वहिनी म्हणाली, "भावजी, यंदा साकरातला आपल्या घरचा बाण कोण मारणार?"

साकरातच्या, म्हणजे आमच्या संक्रांतीच्या, दुसऱ्या दिवशी गावाबाहेरच्या शेतात केळीचा खुंट रोवतात आणि घरटी एक पुरुष त्यावर बाण मारतो. दोन वर्षं आमच्या घराची पाळी रिकामी गेली होती.

"मी मारेन की," मी म्हणालो. "शेजारच्या लोदोचा कामठा घेतो मागून."

"मागून आणलेल्या कामठ्यानं मारायचं असेल तर घरीच बसा. झोपून राहा. सणाचे तांदळाचे पिठे मी एकटी खाईन."

"वहिनी, मला कामठा करता येत नाही. तुला माहीत आहे."

"साठ वर्षांचे झालात. कधी येणार?"

 एकोणिसाव्या वर्षी मी नोकरीला लागलो. शेत एकाच्या हातानं होण्यासारखं होतं. रायसेन म्हणाला, मी बघतो इथलं, तू जा. सुट्टी मिळायची ती चार दिवसांची. दर खेपेला तो म्हणायचा, "या वेळी बसू या, तुला कामठा शिकवतो." मग कुणाचं तरी लग्न निघायचं, नाहीतर छप्पर शाकारायचं असायचं, आणि चार दिवस संपायचे. असं करता करता तोच संपला.

वहिनी उठून आत गेली आणि चुलीवरच्या माळ्यावरून तीन दांडे घेऊन आली. कपाळाच्या उंचीचे, धुरानं काळे झालेले, उभे चिरलेले.

"धामणाच्या झाडाचे आहेत. तुमच्या भावानं वाळत ठेवले होते. एक जरी धड उतरला तरी पुरे."

"आणि शिकवणार कोण?"

"चाळीस वर्षं मी या ओट्यावर बसून तांदूळ निवडलेत. डोळे मिटून निवडत नव्हते."

आता यात एक अडचण होती. आमच्यात बायका कामठ्याला हात लावत नाहीत. मी तसं म्हणालो, तर वहिनीनं सर्वांत जाड दांडा उचलून माझ्या पुढ्यात आपटला. "याला कामठा कोण म्हणेल? अजून लाकूडच आहे हे."

दुसऱ्या दिवशी ती आठवड्याच्या बाजाराला गेली, आणि मी म्हटलं, येईपर्यंत करून दाखवू. माझ्या पेटीत कानस होती, रंधा होता, मोजपट्टी होती. हातात अवजार आलं की माणसाला उगाच बळ येतं. दोन्ही बाजू सारख्या तासल्या, गाठी उडवल्या, वरून कानस मारली. दांडा असा गुळगुळीत झाला की मीच त्यावरून चार वेळा हात फिरवला.

वहिनीनं डोक्यावरची टोपली उतरवायच्या आत विचारलं, "पाठ कुठाय याची?"

"कसली पाठ?"

"लाकडाची हो! माणसाला असते तशी. साल काढल्यावर जी बाजू येते ती पाठ. तिला हत्यार लावायचं नाही. तासायचं ते पोटाकडून. तुम्ही तर रेल्वेचा रूळ करून ठेवलात!"

"वाकतो की चांगला. बघ." मी एक टोक पायाखाली दाबलं, दुसरं ओढलं. काड् असा आवाज झाला आणि वरचा तुकडा उडून कोंबड्यांच्या खुराड्यावर पडला. आतल्या कोंबड्यांनी एकच गिल्ला केला.

वहिनी हसायला लागली. हसता हसता खाली बसली, पदर तोंडाला लावला. बराच वेळ झाला तरी पदर बाजूला होईना. माझ्या लक्षात आलं की हसणं मघाशीच थांबलंय. भावाच्या हातचा दांडा होता तो. मी तुकडे गोळा करायला लागलो.

थोड्या वेळानं ती नाक पुसत म्हणाली, "त्यांचाही पहिला असाच मोडला होता. आमच्या लग्नाच्या दुसऱ्या महिन्यात. तुकडा उडाला तो थेट नाकावर बसला."

"नाकावरची ती खूण? ती अस्वलाची ना?"

"कसलं अस्वल!"

"मला त्यानं अस्वल सांगितलं होतं. मी खरगपूरला सगळ्या गँगला सांगितलंय, माझा भाऊ अस्वलाशी लढला."

"सगळ्या गावाला तेच सांगितलंय. मला शपथ घातली होती." मग आम्ही दोघंही असे हसलो की कोंबड्या पुन्हा ओरडायला लागल्या. जन्मभर मी समजत होतो की रायसेनला हे सगळं जन्मतःच येत होतं.

राहिले दोन दांडे. वहिनीनं त्यातला सरळ, बिनगाठीचा निवडला. मी कोयता उचलला, पण सवयीनं आधी दांडा बोटांत टांगता धरला आणि कोयत्याच्या मुठीनं हलकेच ठोकला. आमचं कामच ते होतं. रूळ ठोकायचा आणि ऐकायचं. चांगला रूळ गातो. चीर गेलेला असला तर आवाज मध्येच बसतो.

"हा नाही चालायचा," मी म्हणालो.

"का? एवढा सुरेख आहे!"

"आवाज बसलाय. आत चीर आहे."

"लाकडाला काय आवाज असतो?" तिनं दांडा माझ्या हातातून घेतला, उन्हात फिरवून पाहिला. काही दिसेना. मी दुसरा ठोकून दाखवला, मग पुन्हा हा. तिनं मान वाकडी करून ऐकलं. मग मी जिथं आवाज बसत होता तिथं कोयत्याचं टोक घालून पिळलं, आणि दांडा उभा उकलला. आत किड्यानं केलेली काळी रेघ होती.

 त्या दिवशी माझ्या भातावर सुक्या मासळीची चटणी दुप्पट होती, आणि संध्याकाळी लोदोच्या बायकोला ती सांगत होती, "आमचे भावजी लाकडाची नाडी बघतात."

म्हणजे आता एकच दांडा उरला. थोडा वाकडा, मध्ये एक गाठ असलेला. तो मोडला तर साकरात गेली, कारण ओलं लाकूड तोडून वाळवायला वेळ नव्हता.

मी इतकं हळू काम आयुष्यात केलं नव्हतं. रोज सकाळी उन्हात बसायचं, दांड्याचं एक टोक भिंतीला टेकवायचं, दुसरं मांडीवर, आणि पोटाकडून कोयत्यानं पापुद्रे काढायचे. वहिनी समोर सूप घेऊन बसायची. मध्येच सूप ठेवायची, दांडा घ्यायची, अंगठा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायची.

"इथं फुगलाय. इथं नका काढू. गाठ आहे तिथं जरा मांस राहू द्या, दुखरी जागा असते ती."

"वहिनी, कामठ्याला हात लावतेस."

"कामठा झाला की सांगा मला. अजून लाकूडच आहे."

लोदो येता-जाता कुंपणावरून डोकावायचा. "काका, साकरात याच वर्षीची ना?" मी म्हणायचो, "गाडी उशिरा आहे, पण रद्द नाही."

आठव्या-नवव्या दिवशी दांडा वाकायला लागला. मग दोन्ही टोकांना दोरी बांधून तो ओट्याच्या खांबावरच्या खुंटीला आडवा टांगला. मी दोरी खाली ओढायची आणि वहिनीनं लांबून बघायचं.

"डावा हात आळशी आहे. सगळं काम उजवाच करतोय."

मग डाव्या बाजूचं थोडं तासायचं. पुन्हा टांगायचं.

"आता उजवा रुसला."

शेवटी कोयताही ठेवला आणि बाटलीची काच घेऊन नुसतं खरवडायला लागलो. भुसा पिठासारखा पडायचा. डोक्यात काही नसायचं. इतकी वर्षं मी गाडीच्या वेळेवर जगलो, पुढची कोणती, मागची कोणती. इथं नुसता काचेचा आवाज आणि पाठीवर ऊन. कधी कधी वाटायचं, हे काम संपलं नाही तरी चालेल.

साकरातला आठ दिवस राहिले असताना बांबूच्या सालीची पट्टी काढून दोन्ही टोकांना बांधली. आमच्याकडे दोरी अशीच असते. मग रोजच्यासारखा दांडा वहिनीपुढे धरला. "बघ, गाठीपाशी ठीक आहे का?"

तिनं हात पुढे केला, आणि मध्येच थांबवला. हात तसाच मागे नेऊन पदराला पुसला.

"काय झालं?" मी विचारलं.

"लांबूनच दाखवा," ती म्हणाली. "उजेडाकडे धरा."

मी धरला. दोरी ओढली. दोन्ही हात सारखे वाकले, गाठही काही बोलली नाही. वहिनी बघत राहिली. मी पण. मग मी उगाच दोरीची गाठ तपासत बसलो.

"चांगला झालाय," एवढंच ती म्हणाली आणि सूप उचलून आत गेली.

बाण त्या मानानं लवकर झाले. बोरूचे सरळ दांडे निवडून निखाऱ्यावर शेकून ताठ केले. टोकं लोहारानं ठोकून दिली. पिसं वहिनीनं बदकाच्या एकाच पंखातली काढून दिली. "दोन्ही पंखांची मिसळलीत तर बाण वाट विचारत जाईल." सहा बाण केले. त्यातला एक शेकताना जळाला, एक मी स्वतःच त्यावर बसून मोडला. उरले चार.

साकरातच्या दुसऱ्या दिवशी सगळं गाव शेतात जमलं. नगारे वाजत होते, तांदळाच्या हाँडिया दारूचे द्रोण फिरत होते. केळीचा खुंट लांब बांधापाशी उभा होता. बायका एका बाजूला दाटीनं उभ्या, त्यात नव्या काठाची साडी नेसलेली वहिनी. गावाच्या मुखियानं एकेका घराचं नाव घ्यायला सुरुवात केली. "बास्के, रायसेनचं घर!" म्हटल्यावर मी पुढे गेलो.

पहिला बाण दहा पावलांवर जमिनीत घुसला. लोक हसले. मीही हसलो.

"काका, केळ तिकडं आहे!" लोदो ओरडला.

दुसऱ्या वेळी मी नीट ओढलं. बाण खुंटाच्या डोक्यावरून इतका वरून गेला की सगळ्यांनी माना वर केल्या. बांधापलीकडच्या शेतात कुठंतरी उतरला. आता कोणी हसलं नाही. मुखिया माझ्याजवळ येऊन कामठ्याकडे बघत म्हणाला, "जोर आहे याच्यात. कुणी केला?"

"मी केला," मी म्हणालो. "वहिनीनं करवून घेतला."

तिसरा बाण खुंटाच्या सालीला घासून गेला. केळीचा पाणीदार पापुद्रा उडालेला सगळ्यांनी पाहिला. थोडी वादावादी झाली. बायकांच्या बाजूनं वहिनीचा आवाज सर्वांत मोठा होता, "लागला! लागला म्हणजे लागला!" मुखियानं जाऊन बोट फिरवून पाहिलं आणि सांगितलं, बाण रुतला नाही, म्हणजे धरायचा नाही. घरटी तीनच बाण. मी बाजूला झालो. पुढच्या पाळीत हांसदांच्या घरच्या जावयानं खुंटाच्या मधोमध बाण रोवला. त्याला खांद्यावर घेऊन नगाऱ्यांसकट सगळे मुखियाच्या अंगणाकडे निघाले.

वहिनी जाता जाता माझ्यापाशी थांबली. "डोळा मिटत होतात तुम्ही. सोडताना."

"मिटत होतो?"

"दोन्ही. पुढच्या वर्षी उघडे ठेवा." ती हसत होती. "चला लवकर. मटणाचे पिठे निवतील."

"तू हो पुढे. तो वरून गेलेला बाण शोधून आलो."

बांध ओलांडून गेलो. कापणीनंतरचे भाताचे खुंट पायाला टोचत होते. बाण चांगला लांब सापडला, तिरका उभा, बदकाची पिसं वाऱ्यानं हलत होती. उपटून काढला, टोकाची माती पुसली. निघायला हवं होतं. पण समोर शेत मोकळं होतं, माणूस नाही, जनावर नाही. मी बाण दोरीला लावला आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून सोडला. दोरीचा आवाज झाला आणि बाण उन्हात चमकत गेला. मी त्याच्या मागं चालत गेलो, उपटला, आणि पुन्हा सोडला. असं करत करत मी नाल्यापर्यंत पोचलो.