महादेवाची जहाजं

राजेश माझा विद्यार्थी. इतिहासात कायम काठावर पास, आता आमच्या बोरिवलीतल्या गणेश मंडळाचा अध्यक्ष. "बाई, यंदा देखावा आपल्या एकसरच्या वीरगळांचा करू. दगडावर जहाजं कोरलीयत ना, त्यांची गोष्ट. स्क्रिप्ट तुम्ही लिहा," म्हणाला. मी हुरळले आणि लिहिली.

देवगिरीच्या महादेव यादवाला कोकण हवं होतं. तिथे शिलाहार सोमेश्वराचं राज्य होतं. महादेव हत्ती घेऊन उतरला. जमिनीवर हरलेला सोमेश्वर जहाजात बसून समुद्रावर गेला, तर महादेव तिथेही जहाजं घेऊन पोचला. सोमेश्वर शरण गेला नाही, बुडाला. आपले दगड याच लढाईचे की आधीच्या, यावर अभ्यासक अजून भांडतात. कोकण गेलं, एवढं खरं.

"पण बाई, देवगिरीला समुद्र कुठाय? जहाजं कुणी दिली त्याला?" राजेशनं विचारलं होतं.

"ते काही कुठे वाचलं नाही रे," मी म्हटलं.

उद्घाटनाला अख्खी कॉलनी मैदानात जमली. पडदा सरकला, पुठ्ठ्याचे हत्ती हलले, जहाजं डोलली. आणि स्पीकरमधून सोमेश्वर म्हणाला, "महाराज, ही भूमी आपण घ्या. आपल्या हातून हिचा विकास होवो." पुठ्ठ्याचा सोमेश्वर कमरेत वाकला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी राजेशचं मनगट धरलं. "हे कुणी घुसडलं?"

"प्रायोजकांनी सुचवलं, बाई. बुडणं-बिडणं सणाला बरं दिसत नाही ना."

प्रायोजक म्हणजे बिल्डर. पुढच्या सोफ्यावर ऐसपैस बसला होता. याच मैदानावर त्याला टॉवरचं पार्किंग करायचंय. एवढं एकच मैदान उरलंय आम्हाला, पोरांच्या खेळाला आणि बाप्पाच्या मांडवाला. त्याचा जेसीबी आला तेव्हा आम्ही बायका फाटकात आडव्या पडलो होतो. आणि आज देखाव्याचा खर्च उचलला म्हणून त्याच माणसाला शाल, नारळ आणि सोफा! लाज कशी वाटत नाही?

मी मंचावर चढले आणि निवेदकाच्या हातातला माईक हिसकावला. "सोमेश्वर वाकला नव्हता. आणि महादेव नुसत्या हत्तींवर जिंकला नाही. सोमेश्वर जिथे बेसावध होता, तिथे त्यानं गाठलं. आपण जेसीबीवर नजर ठेवून बसलो आणि हा आरतीच्या ताटाआडून आत शिरला. मैदान द्यायचं नसेल त्यांनी आत्ता बोला..."

मागच्या रांगेतून माझे शेजारी कमल आणि भीमराज उठलेसुद्धा. तेवढ्यात राजेशनं दुसरा माईक तोंडाला लावला. "गणपती बाप्पा..."

"मोरया!" मैदान दणाणलं. पुन्हा बाप्पा, पुन्हा मोरया, लगेच ताशा, लगेच आरती. माझा आवाज कुणाच्या कानावर पडणार? मी प्रसादही न घेता घरी गेले.

सकाळी कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो आला. मंचाच्या मागून काढलेला, सगळ्या मैदानाचे हात वर. खाली राजेशनं लिहिलं होतं, "मैदानावरील पार्किंगला रहिवाशांची हात उंचावून एकमतानं मंजुरी."

हलकट. मोरया म्हणताना हात वर जातोच, हे त्याला ठाऊक नव्हतं होय? मी फोटो मोठा करून एकेक चेहरा बघत गेले. कमलचा हात वर. भीमराजचाही. आणि सगळ्यांत पुढे, मंचाच्या कडेला एक पाठमोरी बाई, एका हातात माईक, दुसरा हात खांद्यापासून सरळ आभाळाकडे. मीच ती. एवढ्या संतापातही बाप्पाचं नाव ऐकलं आणि हात गेला वर.

मी राजेशला फोन लावला. शिव्या ओठांवर तयार होत्या.

"बाई, खोटं काय लिहिलंय मी?" तो म्हणाला. "तुमचाच हात सगळ्यांत उंच आलाय."

महादेवाला जहाजं कुणी दिली असतील, ते आता मला कळलं.