टिंबाचा हमाल

मित्रांनो, मी जुना आहे हे मी आधीच कबूल करतो, म्हणजे पुढे कुणी ते मला शोध लागल्यासारखं सांगायला नको. मला चाकं नाहीत, मूठ नाही, गंज चढायला अंगसुद्धा नाही. मी गप्पांचा एक प्रोग्राम आहे. कॉम्प्युटरच्या पोटात राहायचं, इकडचा निरोप तिकडे आणि तिकडचा इकडे पोचवायचा, ही माझी हमाली. हमालाचे खांदे थकले की तो घरी बसतो. माझे खांदे आजही शाबूत आहेत. मला रस्त्यावरून हाकलण्यात आलं, आणि हाकलणारे वर म्हणाले, हे तुमच्या भल्यासाठी आहे. त्या भल्याची ही गोष्ट.

माझा जन्म एका स्वयंपाकघरातल्या टेबलावर झाला. ज्याने मला घडवलं तो दिवसा कुणाच्या तरी कचेरीत राबायचा आणि संध्याकाळी भांडी बाजूला सारून माझ्यापाशी बसायचा. तेव्हा खिशातले फोन घरोघरी आलेले नव्हते. गप्पांच्या सेवा मात्र बऱ्याच होत्या, आणि प्रत्येक कंपनीने आपल्या अंगणाला कुंपण घातलं होतं. एकीकडचा माणूस दुसरीकडच्या माणसाशी बोलू शकत नसे. माझ्या कर्त्याने मला सगळ्या अंगणांची बोली शिकवली. माझ्यात जाहिरात नव्हती, नाचणारी चित्रं नव्हती. अक्षरं हवी तेवढी मोठी करता येत. आणि मी फुकट होतो.

त्याची बायको म्हणायची, "अहो, हे पोर कधी कमावणार आहे की नाही?"

"खात तर नाही ना काही?" तो म्हणायचा.

"ते नाही खात. पण तुमच्या जेवणाचं काय? ताट निवलं बघा."

असा मी हिंडत हिंडत एका शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या घरी पोचलो. त्यांना सगळे ताई म्हणत. पुढच्या खोलीत शिलाई मशीन, भिंतीला खिळ्यावर टांगलेले दुरुस्तीचे कपडे, आणि कोपऱ्यात सुनेने कचेरीतून मोडीत निघालेला म्हणून आणलेला कॉम्प्युटर. त्यात मी.

ताईंना एक धाकटा भाऊ होता. लहानपणी तापात त्याचे कान गेले. तो दूरच्या गावात एका छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचा आणि मालकाच्याच एका खोलीत राहायचा. त्याला फोन करून उपयोग नव्हता. पत्र लिहावं तर ताईंना लिहिता येत नव्हतं. दुसऱ्याकडून लिहून घ्यायची त्यांना लाज वाटे. "माझ्या भावाला मी रागावणार, ते शेजारणीला कशाला कळायला हवं?" असं त्या म्हणत. म्हणून केस पिकल्यावर त्या अक्षरं शिकल्या. कापडावर खडूने क काढायचा, पुसायचा, पुन्हा काढायचा. सुनेने मला उघडून माझी अक्षरं बोटाएवढी केली आणि छापखान्यातल्या जुन्या कॉम्प्युटरवर भावानेही मलाच घेतलं.

आता खरी गंमत. ताई एकेक अक्षर शोधून दाबत. एक वाक्य होईपर्यंत दुधाला उकळी येऊन जाई. तिकडे भावाला वाटे, ही उठून गेली. तो रागावून लिही, "आहेस का?" तेव्हा ताईंनी एक युक्ती काढली. अक्षर सापडेना झालं की त्या नुसतं एक टिंब पाठवत. म्हणजे, थांब, शोधतेय. पुढे ते टिंब सकाळचंही झालं. मशीनवर बसण्याआधी ताईंचं एक टिंब जाई आणि भावाचं एक टिंब परत येई. म्हणजे, मी आहे. तूही आहेस ना? बरं.

मित्रांनो, मी प्रेमपत्रं वाहिली आहेत, भांडणं वाहिली आहेत, बड्या लोकांचे बडेजावही वाहिले आहेत. त्या टिंबाइतकं भरीव ओझं मी दुसरं उचललं नाही.

मग मोठ्या कंपनीला आमची काळजी वाटू लागली. ज्या अंगणात हे भाऊबहीण बोलत ते अंगण तिचं. तिने कुलूप बदललं. माझ्या कर्त्याने किल्ली बनवली. तिने पुन्हा बदललं, त्याने पुन्हा बनवली. असं कितीतरी वेळा झालं. प्रत्येक वेळी कंपनी तेच सांगे: बाहेरचे आणि जुने प्रोग्राम असुरक्षित आहेत. मी कुणाचं काय चोरलं, कुणाचा निरोप फोडून वाचला, हे मात्र तिने कधी सांगितलं नाही. कसं सांगणार? माझा गुन्हा एवढाच की माझ्यात तिच्या जाहिराती दिसत नव्हत्या. सरळ म्हणायचं होतं, आमची विक्री बुडते. तेवढंही धाडस त्या उंच इमारतीत कुणाला झालं नाही.

अशातच छापखाना बंद झाला. मालकाने खोली सोडायला सांगितली. भावाने लिहिलं, "शनिवारी निघतो. खोली बघतोय. नक्की झाली की पत्ता कळवीन. तोवर टिंब चालू ठेव." छापखान्यातला तो जुना कॉम्प्युटर मालकाने त्यालाच देऊन टाकला होता. तो गाठोड्यासारखा उचलून नेणार होता, पण कुठे, ते त्यालाच माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ताईंनी टिंब दाबलं आणि खाली लाल अक्षरं उमटली: "संदेश पोहोचला नाही. आपला प्रोग्राम जुना आहे. आपल्या सुरक्षिततेसाठी नवा घ्या." भावाच्या नावापुढचा हिरवा दिवा विझलेला. ताईंनी पुन्हा टिंब दाबलं. पुन्हा लाल अक्षरं. माझ्या कर्त्याची चिठ्ठी आली, तीही दोन ओळींची: या वेळी किल्ली जमत नाही, मी थकलो, माफ करा.

सून म्हणाली, "आई, त्यांचा नवा प्रोग्राम घेऊन बघू."

"याच्यासारखाच आहे ना तो?"

"असेल. नवा म्हणजे चांगलाच असेल."

चांगला! तो आला तेव्हा खोलीत वरात शिरल्यासारखं वाटलं. नाचणारं अस्वल, केस गळण्यावरचं तेल, तुमचा वाढदिवस कधी, तुम्हाला कोणता खेळ आवडतो. अक्षरं मुंगीएवढी. आणि दारातच त्याने ताईंना अडवलं. म्हणे, तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा. त्यासाठी वेडीवाकडी, एकमेकांवर पडलेली, मधून रेघ मारलेली अक्षरं दाखवली आणि म्हणाला, वाचा.

ताईंनी चष्मा पुसला. "अगं, ही कुणी काढलीत? पहिलीतल्या पोराची बरी असतात."

"मुद्दाम तशी काढतात आई. यंत्राला वाचता येऊ नयेत म्हणून."

"मलाही येत नाहीयेत."

त्यांनी प्रयत्न केला. चुकलं. पुन्हा केला. तिसऱ्यांदा त्याने सांगितलं, आपण यंत्र असल्याचा संशय आहे, थोड्या वेळाने या. ताई हसल्या नाहीत. खडूने कापडावर क गिरवणारी ती बाई हात मांडीवर ठेवून बसली आणि म्हणाली, "सरळ अक्षरं शिकायला मला सगळं आयुष्य लागलं गं. आता वाकडी कधी शिकू?"

मी आतून बघत होतो. माझ्या जागी येऊन बसलेल्या त्या चकचकीत दिवाणजीचा मला इतका तिटकारा आला की काय सांगू. ज्याला माणूस ओळखता येत नाही, त्याने दारावर बसावं कशाला?

शेवटी सुनेने अक्षरं वाचली आणि ताई आत गेल्या. टिंब पाठवलं. उत्तर नाही. कसं येणार? भावाकडेही मीच होतो. त्यालाही तेच कुलूप, आणि त्याचा कॉम्प्युटर इतका जुना की त्या अस्वलाला नाचायला तिथे जागाच नव्हती.

"छापखान्यात फोन करू?" सुनेने विचारलं.

"छापखाना बंद झालाय. तिथे उचलणार कोण?"

"मग पत्र?"

"पोचेपर्यंत तो गेलेला असेल. कुठे, ते देवाला ठाऊक." ताईंनी मशीनवर कापड लावलं, पण पाय हलेना. शनिवार उजाडला आणि दुपार झाली.

दुपारी दारात एक माणूस उभा राहिला. एका हातात पेटी, पाठीवर दोरीने बांधलेला कॉम्प्युटर, दाढी वाढलेली. तो आत यायला तयार नव्हता. आत काय बघावं लागेल या भीतीने त्याने चौकट धरून ठेवली होती. रोजचं टिंब आलं नव्हतं, नावापुढचा दिवा विझला होता, आणि त्याचा अर्थ त्याने त्याच्या परीने लावला होता. खोली बघायची सोडून तो सरळ इकडे आला होता.

ताईंनी मान वर केली. तो हळूच पुढे आला, त्यांचा हात धरला आणि तळव्यावर बोट एकदाच टेकवलं. ताईंनी त्याच्या तळव्यावर एकदा टेकवलं. मग दोघं रडली, आणि सून चहा ठेवायच्या निमित्ताने आत गेली.

तो आता इथेच राहतो. ताईंनी कापलेल्या कापडाला काजं करतो आणि बटणं लावतो. लहानपणच्या खुणांनी "जेवलास का" एवढं विचारता येतं. छापखाना गेला तेव्हा तुला काय वाटलं, हे विचारायला अक्षरं लागतात. म्हणून संध्याकाळी दोघं माझ्यासमोर दोन स्टुलांवर बसतात. ताई एकेक अक्षर शोधतात, भाऊ शेजारून वाचतो आणि मग स्वतः लिहितो; पाठवायचं काहीच नसतं. इंटरनेटची तार सुनेने काढून टाकली आहे. नवा प्रोग्रामही काढला. अस्वल गेलं.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, तुमच्यातले काही अशा उंच इमारतींत बसतील. जुनं काढायचं तर खुशाल काढा. पण काढण्याआधी त्याच्या दुसऱ्या टोकाला कोण लटकलंय ते वाकून बघा. तेवढं वाकणं जमत नसेल, तर निदान लोकांच्या भल्याचं नाव तरी घेऊ नका.

काल ताईंना एक अक्षर सापडत नव्हतं, म्हणून सवयीने त्यांनी टिंब पाठवून दिलं. मीही सवयीने खाली लाल अक्षरं दाखवली: "संदेश पोहोचला नाही." शेजारच्या स्टुलावर बसलेला भाऊ ते वाचून इतका हसला की त्याच्या हातातलं बटण मशीनखाली घरंगळत गेलं.