तिसरा हिस्सा

भैयाजी गुरुजींनी नव्या पुस्तकाचा पुठ्ठा सोडवला, पाठीवरचा दोरा चाकूने कापला आणि सुट्या झालेल्या पानांचे पाच ढीग शाळेच्या ओसरीवर मांडले.

“अरे बापा! खरंच कापलं जी तुम्ही,” मुखरू म्हणाला.

“तुम्हीच तर सुचवलं,” गुरुजी पुटपुटले. चाकू अजून त्यांच्या हातात होता. चूक झाली की काय, असं त्यांना वाटू लागलं होतं.

चांद्याहून आणलेली प्रत एकच होती आणि वाचनमंडळातल्या पाचही जणांना ती आधी घरी न्यायची होती. अनवाणी घर सोडलेला एक मुलगा पुढे कारखान्यांचा मालक झाला. त्याने स्वतः लिहिलेली ही हकीकत. हे त्याला कसं जमलं, ते कळेपर्यंत कोणालाच दम निघत नव्हता. शेवटी तलावातली मासोळी वाटतात तसं, एकाने न पाहता नाव घेऊन, पुस्तक वाटायचं ठरलं. मुखरू ढिगांकडे पाठ करून बसला.

“हा कोणाचा?” गुरुजींनी पहिल्या ढिगावर बोट ठेवलं.

“नथ्थूचा.”

“हा?”

“कमळाबाईचा.”

तिसरा ढीग सुगंधाबाईला गेला, चौथा मुखरूला, शेवटचा गुरुजींना. दर रविवारी दुपारी एकाने आपल्या हिश्शात काय घडलं ते सांगायचं. बाकीच्यांनी तोवर कळ काढायची.

सुगंधाबाई तलावावर मासोळी धरायची. अक्षरं ती गेल्याच साली साक्षरतेच्या वर्गात शिकली होती. तिचा मुलगा इस्तारी कामासाठी बल्लारपूरला गेला, त्याला दोन वर्षं झाली होती. त्याचं पत्र आलं तर दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला लागू नये, म्हणून ती शिकली. पत्र अजून आलं नव्हतं.

तिच्या रविवारी ती पानं पदराखाली घेऊन बसली.

“पाच सालानं सेठ घरी आला,” तिने सुरुवात केली. “माय तांदूळ पाखडत होती. तिनं पह्यले त्याचे पाय पाह्यले. टाचा फुटल्या होत्या. मंग म्हणे, हात धू, आंबील ठेवली हाये. दोन साल रोज ठेवत होती ते.”

“आत्ता तं पाच साल म्हणत होती?” मुखरू म्हणाला.

“पाचच.”

“आन् सेठ लोक आंबील पेतात का वो?”

“तवा सेठ कुठी झाला होता तो? चूप बस ना!”

सगळे हसले. गुरुजींना मात्र नवल वाटलं. पहिल्या दोन हिश्शांत या माणसाने आईचं नावही घेतलं नव्हतं, आणि इथे तिचं पाखडणं थांबल्याचं ऐकू येत होतं. घरी जाऊन त्यांनी आपली पानं पुन्हा काढली. त्यात एक ओळ होती: घर सोडल्यावर आईचं तोंड मला पुन्हा दिसलं नाही.

त्यांनी ती तीनदा वाचली. आपणच काही चुकीचं समजतो आहोत का?

पुढच्या रविवारी मुखरू नेहमीच्या जोरात उठला, पानांकडे पाहिलं, सुगंधाबाईकडे पाहिलं आणि खाकरला.

“तं... सेठ मायले भेटून वापस गेला,” तो म्हणाला आणि पुढचा सगळा वेळ यंत्रांबद्दल बोलत राहिला. निघताना तो गुरुजींच्या जवळ आला.

“गुरुजी, तुमच्या हिश्शात माय हाये का जी?”

“काऊन?”

“नाई, असंच.”

गुरुजींना तोंडी सांगणं कधी जमलं नव्हतं. शाळेत तीस वर्षं त्यांनी कागदावर होतं तेच वाचलं आणि एक शब्दही गाळला नाही. आपल्या रविवारीही ते कागद नाकाजवळ धरून वाचू लागले. ती ओळ आली तेव्हा त्यांचं बोट तिच्यावर थांबलं. मग ते खालच्या ओळीवर गेलं. 

सगळे गेल्यावर गुरुजी पुस्तक पुन्हा शिवायला बसले. सुगंधाबाईने आपली पानं सर्वांत शेवटी दिली.

“तुमच्या पानात मायचं काही नाई आलं?”

“नाही,” गुरुजी कागदाकडे पाहत म्हणाले.

“मुखरूभाऊनं बी भेटून गेला एवढंच सांगतलं.”

गुरुजींनी पानं रचायला घेतली आणि त्यांचा हात अडला. तिसऱ्या हिश्शातल्या बहुतेक पानांच्या कडा जोडलेल्याच होत्या. छापखान्यातून काही पुस्तकं अशी, घड्या न कापताच येतात. कडा चाकूने सोडवाव्या लागतात. बाकीच्यांना ते ठाऊक होतं. हिला सांगायचं त्यांना सुचलंच नव्हतं.

“सगळ्याइचं पुस्तक,” ती खाली पाहत म्हणाली. “मी कशी फाडू? वरतून दिसलं तेवढं वाचलं. मधातलं...”

 गुरुजींनी चाकू उचलला. बंद पानांत खरं काय आहे, ते त्यांनाही पाहायचं होतं.

“सोडवू?”

तिने त्या जोडलेल्या कडेवरून बोट फिरवलं.

“राहू द्या जी. इस्तारी आला का त्याच्याच हातानं सोडवू.”

गुरुजींनी चाकू खाली ठेवला आणि सुई ओवली. तिसऱ्या हिश्शाशी आल्यावर त्यांनी दोरा थोडा सैल सोडला, पुढे कधी चाकू आत जाईल एवढा.