पिवळ्या ढालीवरचं रानडुक्कर

मी एर्लेनश्टाइन घराण्याची एक जुनी ढाल आहे, मित्रांनो. गावच्या चर्चमध्ये, उत्तरेच्या भिंतीवर मला एका खिळ्याला अडकवून ठेवलं आहे. भिंतीला ओल आहे, त्यामुळे माझा खालचा काठ कुजत चालला आहे. तो पुरता गळून पडण्याआधी माझी हकिगत सांगून टाकते.

लिंडन झाडाच्या हलक्या फळ्या जोडून मला घडवलं. वर घोड्याचं कातडं ताणून बसवलं, त्यावर खडू आणि सरसाचा लेप दिला. मग चितारी आला. त्याने मला पिवळ्या रंगाने माखलं आणि मधोमध काळं रानडुक्कर काढायला घेतलं. थोरले मालक गेरलाख जवळच उभे होते.

"सुळे मोठे काढ," ते म्हणाले.

"आणखी मोठे काढले तर तोंड मिटणार नाही त्याचं, मालक."

"न मिटू दे. आमच्या घरात कुणाचं मिटतं?"

गेरलाख मालकांबरोबर मी अकरा लढाया पाहिल्या. माझ्यावर तलवारी आपटल्या, भाले घसरले. प्रत्येक वेळी चितारी यायचा, खरचटलेला रंग भरायचा, आणि लोक म्हणायचे, ही ढाल असेपर्यंत या घराला भीती नाही. मला ते खरं वाटायचं.

मालक गेले तेव्हा घराच्या दोन पाती, म्हणजे दोन शाखा, झाल्या. थोरला मुलगा डीटमार याला जुनी गढी मिळाली, आणि मी मिळाले. धाकट्या एगेनोल्फने नदीपलीकडे नवी गढी बांधली. त्याच्या ढालीवर डुक्कर तेच, पण मागची जमीन पांढरी. कोण थोरल्या पातीचा, कोण धाकटीचा, हे लांबून कळावं म्हणून तसा रिवाज होता.

"तुझं डुक्कर बर्फात उभं आहे रे," डीटमार भावाला चिडवायचा. "गारठून मरेल."

"आणि तुझं मोहरीच्या शेतात, दादा. खाऊन खाऊन पोट फुटेल त्याचं."

दोघे हसायचे. दोन्ही गढ्यांतली मुलं एकाच अंगणात खेळायची. डीटमारची मोठी मुलगी मेख्टिल्ड, तिचा धाकटा भाऊ रुप्रेख्ट, आणि एगेनोल्फचा एकुलता एक फोल्मार.

एगेनोल्फ तापाने गेला आणि ते हसणं त्याच्याबरोबर गेलं. त्याच साली सरंजामदारांच्या मेळाव्यात सगळ्यांच्या ढाली मानाप्रमाणे भिंतीवर लावल्या होत्या. मी वरच्या ओळीत होते. फोल्मारची ढाल दाराजवळ, खाली, कुत्री बसतात तिथे. रुप्रेख्ट मद्याचा पेला घेऊन तिच्यासमोर उभा राहिला आणि भरल्या सभेत म्हणाला, "आमच्या धाकट्या डुकराला जागा बरोबर मिळाली. उष्टं लवकर पोहोचेल."

लोक हसले. फोल्मार हसला नाही. घरी जाऊन त्याने आपली ढाल पिवळी रंगवून घेतली.

डीटमार मालकांनी माणूस धाडला, रंग खरवडून टाक. उत्तर आलं, "काका, हा रंग माझ्याही आजोबांचा आहे. मी त्यांचाच नातू आहे."

"बाबा, रंगच आहे तो," मेख्टिल्ड म्हणाली. "असू दे त्याच्याकडे."

"तो रंग माझ्या बापाने रक्त सांडून राखला," मालक म्हणाले. "तू यात पडू नकोस."

मग जे झालं ते सांगताना मला लाज वाटते. आधी फोल्मारच्या गिरणीला आग लागली. नंतर आमच्या बाजूचं गाव जळलं, धान्यासकट. गिरणीत एक म्हातारा झोपला होता. गावात काय काय होतं ते कुणी मोजलं नाही. ज्यांची घरं गेली त्यांच्याकडे ना ढाल होती, ना डुक्कर.

शरदात नदीच्या उतारावर, पाणी उथळ होतं तिथे, दोन्ही पाती समोरासमोर आल्या. डीटमार मालकांचा गुडघा धरला होता, म्हणून त्यांनी मला रुप्रेख्टच्या हाती दिलं. "तू गिरणीच्या वाटेवर थांब," त्यांनी बजावलं. "मी हाक मारल्याशिवाय पाण्यात उतरायचं नाही." स्वतः ते आडवी धनुष्यं घेतलेल्या माणसांना घेऊन काठावर उभे राहिले. त्यांना हुकूम एकच होता. समोरून पिवळी ढाल आली की बाण सोडा.

सकाळी नदीवर धुकं होतं. फोल्मारचे दोन स्वार दिसले आणि रुप्रेख्टला राहवलं नाही. त्याने घोडा पाण्यात घातला, पलीकडच्या काठापर्यंत त्यांना पळवलं, आणि खुशीत माघारी वळला. चेहऱ्यावर शिरस्त्राण होतं. धुक्यातून काठावरच्यांना दिसली ती फक्त मी. पिवळी जमीन, काळं डुक्कर, पलीकडून येणारं.

मला मालकांचा हात वर गेलेला दिसला. मला ओरडता येत नाही, मित्रांनो.

आखूड जाड बाण डुकराच्या मानेतून आत शिरला. लाकूड फुटलं. मी त्याला अडवू शकले नाही. माझ्या पाठीमागे रुप्रेख्टची छाती होती.

प्रवाहाने त्याला उथळ पाण्यात आणलं. पहिल्यांदा त्याच्याजवळ पोहोचला तो फोल्मार. त्याने रुप्रेख्टचं शिरस्त्राण काढलं आणि काठावरच्या लोकांनी तो चेहरा पाहिला. फोल्मारने आपली ढाल पाण्यात टाकली आणि चुलतभावाला दोन्ही हातांनी उचलून आणलं.

"काका, हा तुमचा आहे," तो म्हणाला.

डीटमार मालक त्यानंतर सहा आठवडे जगले. जेवण समोर ठेवलं की विचारायचे, "तो आला का?" मेख्टिल्ड म्हणायची, "येईल, बाबा. तुम्ही खा."

त्यांना पुरलं त्या दिवशी पाद्र्याने विचारलं, "ढाल मालकांबरोबर पुरायची, की नव्या वारसाला?" आता घराण्यात पुरुष एकच उरला होता. फोल्मार दाराशी उभा होता.

मेख्टिल्डने मला उचलून त्याच्यापुढे धरलं. "घे. आता पिवळा रंग तुझा."

त्याने भोकावर बोट ठेवलं आणि पटकन मागे घेतलं. "नको, ताई. मी पुन्हा पांढराच घेतो."

"ज्यासाठी एवढं केलंस ते नको?"

"नको."

तिने मला इथे टांगलं आणि दर रविवारी तेलाच्या फडक्याने पुसलं. फोल्मार लग्नाविना गेला. त्याने नव्याने करून घेतलेली पांढरी ढाल त्याच्या थडग्याशी फोडण्यात आली, कारण घराण्याचं नाव चालवायला कुणी उरलं नव्हतं.

मेख्टिल्ड म्हातारी होऊन वारली. तिच्या थडग्याच्या दगडावर काय कोरायचं, असं पाथरवटाने आधीच विचारून ठेवलं होतं. बापाचं चिन्ह लावण्याचा तिला हक्क होता. "फक्त नाव लिही," ती म्हणाली. "जनावर नको."

तिच्यानंतर मला कुणी पुसलं नाही. पट्टे उंदरांनी खाल्ले. अधूनमधून कुणी पाहुणा येतो, माझं डुक्कर बघून वा म्हणतो आणि भोकाविषयी विचारतो. पाद्री सांगतो, शूर घराणं होतं.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं मीही सांगते. पण माझ्यावरचं डुक्कर बघून कुणाचं रक्त तापत असेल, तर मला कुजू द्या. आणि फडकं घेऊन आलातच, तर आधी खाली वाका. माझ्या पायाशी फरशीत एक साधा दगड आहे. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांनी त्यावरचं नाव निम्मं झिजलं आहे. आधी तो पुसा.