माझ्यातला फेस बसला तो दिवस

मित्रांनो, फळीवर पालथा घातलेला काचेचा पेला अचानक बोलू लागला, तर दचकू नका. बोलून मन मोकळे करण्याइतके माझे वय झाले आहे. फक्त एक सांगतो. मी बीअर चाखायचा पेला आहे. तेव्हा तुमच्यातले जे लहान असतील त्यांनी ही गोष्ट नुसती ऐकावी. चव घ्यायला त्यांच्यापुढे उभा जन्म पडला आहे.

मी वाळूचा झालो, असे लोकांच्या बोलण्यावरून कळले. मला स्वतःला आठवते ती ऊब आणि एका माणसाचा श्वास. लांब नळीच्या एका टोकाला मी लाल गोळा होऊन लोंबत होतो आणि दुसऱ्या टोकाने एक कारागीर गाल फुगवून माझ्यात हवा भरत होता. फुंकता फुंकता त्याला शिंक आली. त्याने ती कशीबशी आवरली, पण तेवढ्यात माझे पोट डाव्या अंगाला किंचित जास्त फुगले ते फुगलेच. खोक्यात भरताना त्याने मला उजेडात धरले आणि म्हणाला, "चालेल." माझे पहिले कौतुक ते एवढेच.

आम्ही सहा भावंडे एका खोक्यातून एका छोट्या ब्रुअरीत आलो. वरच्या मजल्यावर मोड आणून भाजलेल्या जवाची पोती, मधल्या मजल्यावर तांब्याचे प्रचंड हंडे आणि खाली तळघरात बीअर मुरवायच्या टाक्या. तळघराच्या पायऱ्यांशी एक खिडकी होती आणि खिडकीखाली चाखायचे टेबल. माझी पाचही भावंडे पहिल्या दोन वर्षांतच गेली. कुणी नळावर आपटले, कुणी कोपराच्या धक्क्याने पडले, एकाचा तर कुणाला पत्ताच लागला नाही. मी तेवढा उरलो आणि मास्तरांच्या नजरेत भरलो.

मास्तर म्हणजे तिथले बीअर बनवणारे. त्यांना सगळे मास्तरच म्हणत. प्रत्येक घाण्याची बीअर तयार झाली की ती एकाच पेल्यातून चाखायची, असा त्यांनी दंडक घातला. पेला बदलला की चव बदलल्यासारखी वाटते, पेला तोच राहिला तर जो फरक जाणवेल तो बीअरचाच, असे त्यांचे म्हणणे. त्या पेल्याच्या जागी माझी नेमणूक झाली. मला धुवायचे ते फक्त थंड पाण्याने. साबण नाही, फडके नाही. लाकडी फळीवर पालथे ठेवायचे आणि आपोआप वाळू द्यायचे. कुणी चुकून फडके घेऊन आले तर मास्तर अंगावर धावून जात. म्हणून मी बावीस वर्षे जग बहुतेक उलटेच पाहिले. छताला चिकटलेल्या पायऱ्या, वर लटकणारे बूट. तेच मला सरळ वाटू लागले.

आता माझे एक गुपित. बीअर माझ्यात आली की मला स्वप्न पडते. तिच्यात जे काही गेलेले असते ते सगळे माझ्या डोळ्यांसमोर तरंगू लागते. कधी उन्हातले जवाचे शेत, कधी भट्टीतल्या कडक पावाचा वास, कधी नुसतेच एक धुके आणि त्यात कुणीतरी दूर केळी पिकत घातलेली. मास्तर डोळे मिटून घोट घेत तेव्हा वाटायचे, त्यांनाही तेच दिसत असणार. आम्ही दोघे एकाच स्वप्नात बसून असायचो आणि बाहेर सगळे निकालाची वाट पाहत ताटकळत उभे असायचे.

मध्ये एक वर्ष वाईट गेले. बीअर तपासून दिव्यांचे आकडे दाखवणारे एक यंत्र आले आणि मास्तर त्याच्या नादी लागले. मला कुणी बीअर दिली नाही. माझ्यात पेन्सिली ठेवल्या, मित्रांनो! मला रडता आले असते तर रडलो असतो. मग एका घाण्याला यंत्राने चांगले म्हटले आणि गिऱ्हाइकांनी ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो म्हणून नाके मुरडली. त्या दिवशी मास्तरांनी पेन्सिली टेबलावर ओतल्या आणि मला नळाखाली धरले. पाणी बराच वेळ सोडून ठेवले.

मास्तरांना एक मुलगी होती. तांब्याच्या हंड्यांच्या आजूबाजूला खेळतच ती मोठी झाली, बाहेर जाऊन शिकून आली आणि बापाच्या हाताखाली कामाला लागली. एक दिवस ती म्हणाली, "बाबा, एक घाणा माझ्या मनासारखा करू द्या. बेल्जियन धर्तीची कडक बीअर, पण हॉप्स भरपूर."

हॉप्स म्हणजे बीअरला कडवटपणा आणि सुगंध देणारी हिरवी फुले.

मास्तर हसले. "अगं, त्या बीअरमध्ये यीस्टनं बोलायचं असतं. हॉप्सनं मान खाली घालून बसायचं."

"दोघंही बोलतील. भांडणार नाहीत."

"आणि भांडली तर?"

"तर मीच नळ सोडेन," ती म्हणाली.

तिथला रिवाजच तसा होता. ज्याचा घाणा पसंत पडत नाही त्याने आपल्या हाताने टाकीचा खालचा नळ सोडायचा आणि सगळी बीअर गटारात जाताना शेवटपर्यंत उभे राहून पाहायची. मास्तरांनी आणखी एक अट घातली. हा घाणा पसंतीला उतरला तर पुढचेही घाणे तिच्या मनाप्रमाणे. नाही उतरला तर ते स्वतः करतील तसेच पुढे चालायचे आणि हा विषय पुन्हा काढायचा नाही. तिने मान हलवली. तळघर सांभाळणारे काका पायऱ्यांवर बसून ऐकत होते. ते म्हणाले, "मास्तर, पोरीनं तुमचाच हट्ट उचललाय, आता कुणाला बोल लावता?"

दहा आठवडे पोरीने जिवाचे रान केले. उकळताना हॉप्स, उकळी संपताना हॉप्स आणि गार टाकीत पुन्हा हॉप्स. रोज सकाळी ती टाकीला कान लावून आतली खळबळ ऐकायची. तिच्या केसांना, बाहीला तोच वास. मी फळीवरून सारे उलटे पाहत होतो आणि मनात म्हणत होतो, ही बीअर माझ्यात कधी येते!

चाखण्याच्या आदल्या दुपारी सगळे जेवायला गेले होते. मास्तर एकटेच तळघरात उतरले. त्यांनी मला उचलले, उजेडात धरले आणि त्यांना काय वाटले कोण जाणे, खिशातून साबणाची वडी काढली. मला वाटले, मी पुन्हा स्वप्नात आहे. बावीस वर्षांत ज्याच्यापुढे कुणाला साबणाचे नाव काढू दिले नाही, त्याला ते फेसाळून, चोळून धुवत होते. मग मऊ फ्लॅनेलच्या फडक्याने त्यांनी मला आतून, बाहेरून, देठापासून काठापर्यंत पुसले. भेगाळलेल्या हातांना ते रोज मलम लावत, त्याचा अंश त्या फडक्यात होताच. मी कधी नव्हे इतका लखलखलो. मास्तर माझ्याकडे पाहून लहान मुलासारखे हसले आणि मला फळीवर ठेवून निघून गेले. माझ्या आतून एक पातळ, दिसेल न दिसेल असा थर चढला होता. मला गुदमरल्यासारखे झाले, पण सांगणार कुणाला?

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघे जमले. ज्याचा घाणा असेल त्याने टेबलापासून लांब राहायचे, म्हणून पोर पायऱ्यांपाशी हाताची घडी घालून उभी होती. काकांनी टाकीची तोटी फिरवली आणि बीअर माझ्यात आली. पिकल्या जर्दाळूच्या रंगाची, थंडगार. वर फेस आला, आणि मी स्वप्नाची वाट पाहत राहिलो. काहीच दिसले नाही. बंद दाराबाहेर कुणी बोलावे आणि शब्द कळू नयेत, तसे झाले. फेस कडेने विरघळत गेला आणि मास्तरांनी मला नाकाशी नेईपर्यंत पार बसला.

मास्तरांनी चष्मा काढून ठेवला होता. वास घेताना ते नेहमी काढत. त्यांनी हुंगले, घोट घेतला, पुन्हा घेतला. त्यांचा चेहरा मी इतक्या जवळून इतका उतरलेला कधी पाहिला नव्हता. मुलगी म्हणून सूट द्यायची नाही, असे त्यांनी मनाशी घट्ट ठरवले असणार. आणि पेल्याचा तर त्यांना संशयही येणे शक्य नव्हते. त्यांच्या लेखी मी त्या दिवशी जगातला सगळ्यात स्वच्छ पेला होतो.

"फेस टिकत नाही," ते म्हणाले. "वास दबलाय. मागून काहीतरी तेलकट येतंय." मग खाली पाहत म्हणाले, "नाही उतरली."

पोर पुढे आली. रिवाजाप्रमाणे आधी पेला धुवायचा, मग नळ सोडायचा. तिने मला उचलले. मला ओरडून सांगावेसे वाटत होते की बाई गं, दोष माझ्यात आहे, तुझ्यात नाही! पण काचेला कंठ नसतो.

नळाशी जाऊन ती मला रिकामा करणार, इतक्यात थांबली. खिडकीतला उजेड माझ्यावर पडला होता. माझ्या आतल्या कडेला बारीक बारीक बुडबुडे चिकटून बसले होते. स्वच्छ काचेला बुडबुडे असे कधी चिकटत नाहीत, हे तिला बापानेच शिकवले होते. तिने बोट फिरवले. बोट घसरले. तिने बोट हुंगले, त्याला बापाच्या मलमाचा वास होता. तिने मान वर करून बापाकडे पाहिले.

चाखण्याआधी मला धुणारा माणूस तिथे एकच होता. बोलावे, तर काकांसमोर बापाने आपलीच बावीस वर्षांची शिस्त मोडल्याचे उघडे पडत होते. न बोलावे, तर दहा आठवडे गटारात. तिने कोनाड्यातून चिमूटभर मीठ घेतले, माझ्या आतून चोळले आणि तीनदा थंड पाण्याने खळखळून धुतले. पुन्हा टाकीपाशी जाऊन मला भरले आणि बापासमोर टेबलावर ठेवले.

"बाबा, एकदाच."

"एकदा चाखलं की चाखलं. दुसऱ्यांदा मी कुणाचीच चाखली नाही."

"कुणाचीच नाही. माझी चाखा."

"अहो मास्तर," काका म्हणाले, "पोर काही मागत नाही सहसा. घ्या की एक घोट, बीअर आहे, काढा नाही."

मास्तर पाहतच राहिले. माझ्यावर बोटभर जाड, पांढरा फेस उभा होता आणि हलत नव्हता. आणि मित्रांनो, मी त्या फेसाखाली स्वप्नात बुडालो होतो. एक वेल उंच दोरावर चढत होती, पानांच्या मागे कुणीतरी संत्रे सोलत होते. लवंग कुटल्याचा वास आला, मग मिरी, मग पाइनच्या झाडांतला गार वारा. कडवटपणा आला तो सरळ आला, लाजला नाही. त्याच्या मागून गोडवा आणि शेवटी छातीत हळूहळू पसरत जाणारी ऊब. यीस्टही बोलत होते, हॉप्सही बोलत होत्या. मास्तरांचे डोळे मिटलेले होते. इतका वेळ त्यांनी ते कधीच मिटले नव्हते.

डोळे उघडले तेव्हा त्यांनी चष्मा घातला, मला उजेडात धरले, आणि मग आपल्या हातांकडे पाहिले.

"काल दुपारी मी हा साबणानं धुतला," ते म्हणाले. "फडक्यानं पुसला."

"तुम्ही?" काका दचकून पुढेच आले. "अहो, मी एकदा नुसतं फडकं जवळ नेलं होतं तर आठ दिवस बोलला नाहीत माझ्याशी!"

"बाबा, पण का?" पोरीने विचारले.

मास्तरांनी मला टेबलावर ठेवले. "तुझी होती ना," ते म्हणाले. "तुझी बीअर यात पडणार होती."

पोरीला रडू फुटले. काकांनी उगाच तोटी घट्ट आहे का ते तपासले. मास्तरांनी आणखी एक घोट घेतला, ओठांवरचा फेस मनगटाने पुसला आणि नेहमीच्या कडक आवाजात म्हणाले, "हॉप्स जास्तच झाल्यात." मग माझ्यात उरलेली बीअर त्यांनी सावकाश संपवली. "पुढच्या वेळी कमी करू नकोस."

आता टेबलाशी पोर बसते आणि मास्तर लांब उभे राहतात. माझ्या बैठकीचा एक टवका उडाला आहे, एखाद्या दिवशी मीही भावंडांच्या वाटेने जाईन. तोवर एकच मागणे आहे. मला थंड पाणी पुरते, फार लाड नकोत. आणि कुणावर जीव असेल, मित्रांनो, तर तो त्याच्या तोंडावर सांगून टाका. माझ्या आतून पुसू नका.