भुजंगनाथांची थांबलेली नाडी

चारठाण्याच्या जुन्या देवळांपलीकडल्या वाडीत त्या दिवशी पारावर मुंगीलाही वाट उरली नव्हती. भुजंगनाथ महाराज स्वतःची नाडी थांबवणार होते. गावचे मोठे जमीनदार आबासाहेब महाराजांचे उजवे मनगट धरून बसले होते आणि सारी मंडळी आबासाहेबांच्या मुद्रेकडे डोळे लावून होती.

"प्राण चालला बरं वर," महाराज डोळे मिटून म्हणाले. "नाभी सोडली. कंठ सोडला. आता मी मेलोय का जितोय, ते यमालाबी सांगता यायचं न्हाई."

"थांबली," आबासाहेब पुटपुटले. "पार थांबली की."

सगळ्यांचे हात जोडले गेले. त्यांत चांगुणाबाईचेही होते. ते पाहून गर्दीत उभ्या असलेल्या डॉक्टर सुमेधा खिल्लारे यांनी खांद्यावरची पिशवी सावरली.

कोवळ्या वयातला सांधेदुखीचा ताप हृदयाच्या झडपा कसा कुरतडतो, हा सुमेधाताईंच्या संशोधनाचा विषय. शहरातल्या प्रयोगशाळेतली सुखाची जागा नाकारून त्या याच जिल्ह्यात वस्त्यावस्त्यांवरून मुलांच्या छात्या तपासत हिंडत. नामांतराच्या दंगलीत याच जिल्ह्यात त्यांच्या वडिलांचे घर जळाले होते. परंतु घर जाळल्याने गाव सोडावे, हा युक्तिवाद त्यांना कधीच पटला नव्हता. चांगुणाबाईची मुलगी सरजा दरमहाच्या पेनिसिलिनवर तग धरून होती. सुई टोचली तर आपण दिलेला अंगारा कोपतो, असे महाराजांनी बजावले आणि सरजाची सुई बंद झाली. ताप पुन्हा उलटला, तर पोर हाती लागणार नव्हती.

"सोताचं काळीज थांबवतो मी," महाराज म्हणाले. "पोरीचं दुरुस्त कराया किती येळ?"

सुमेधाताई पुढे झाल्या. "छाती तपासू द्या."

"दूर. सोवळ्यात हाय मी. तुजी सावली नको."

"बरं. मग मी माझीच नाडी थांबवते. आबासाहेब, धरा."

आबासाहेब अवघडले. मग वाडवडिलांच्या रिवाजाने त्यांनी उपरण्याचे टोक ताईंच्या मनगटावर पसरले आणि वरून बोटे टेकवली.

"कापडाआडून नाडी लागत न्हाई, आबासाहेब. नुसत्या बोटांनी धरा. बोटं झडली तर इलाज माझ्याकडं हाय."

मागे कोणीतरी खुदकन हसले. आबासाहेबांनी क्षणभर महाराजांकडे पाहिले आणि उपरणे बाजूला सारले.

"लागली?"

"लागायलीय."

ताईंनी पिशवीतून बँडेजची गुंडाळी काढली, सर्वांदेखत काखेत धरली आणि दंड अंगाशी आवळला. आबासाहेबांची बोटे मनगटावर चाचपडू लागली.

"गेली. हिचीबी गेली."

"आन् मी तर तुमच्याशी बोलायलेय. हाताला रक्त नेणारी वाहिनी काखेतून जाते. ती दाबली की मनगट गप होतं, काळीज चालूच राहतं. नाडी म्हंजेच प्राण असं आपण धरून चालतो, तिथंच फसतो." त्यांनी स्टेथोस्कोप चांगुणाबाईपुढे धरला. "तुमच्या सावलीला महाराजांची हरकत नसावी. तुमी ऐका."

चांगुणाबाईने नळ्या कानांत घातल्या. महाराज मागे सरले. पण मागे लिंबाचे खोड होते. तिने कफनीवर चकती दाबली.

"थांबलंय का?" आबासाहेबांनी विचारले.

"कशाचं थांबतंय. बुजल्या घोड्यावानी पळायलंय."

"महाराज, हात वर करा," ताई म्हणाल्या.

"समाधी मोडंल."

"मोडू द्या," म्हणत आबासाहेबांनीच तो दंड उचलला. घामाने गुळगुळीत झालेला लाकडी चेंडू काखेतून पारावर टपकला आणि एकच गलका उसळला.

त्या गलक्यात चांगुणाबाईने ताईंचा हात धरला. "बाई, सरजाची सुई आज देता का?"

"आत्ताच."

पाराखाली उतरण्यापूर्वी मात्र ताई थबकल्या. "माझ्यावरही आंधळा विश्वास ठेवू नका," त्या गर्दीला म्हणाल्या. "मला विचारा, पारखा, चुकले तर तोंडावर सांगा. पण जो स्वतःला तपासू देत न्हाई, त्याच्या हाती आपलं लेकरू देऊ नका."