काजूने जळलेली बोटं

माझ्या लेकाचा, निलेशचा फोन तीनदा वाजून थांबला. मी काच चोळली, दाबली, नखाने खरडली. हिरवा गोळा जागचा हलेना.

"आई, काजू नाही ती फोडायला," सून अक्षया दारातून म्हणाली. माझा बटणांचा फोन या अक्षयानेच गेल्या आठवड्यात भंगारात दिला आणि हा हातात ठेवला.

"मग तू उचल!"

"मी कशाला? त्यांना तुमच्याशीच बोलायचंय."

बोलायचं होतं सड्याच्या कातळपठाराखालच्या काजूच्या बागेबद्दल. विकायची की ठेवायची? निलेश बोटीवर खलाशी. बोट दुपारी बंदर सोडणार, मग पंधरा दिवस रेंज नाही. गिऱ्हाईक मात्र आज संध्याकाळीच येणार होतं.

"नाही उचललात तर मी कळवते, आईंची हरकत नाही."

"माझंच बोट का घेत नाही गो ही काच?"

"काचेखाली बारीकशी वीज पसरलेली असते. ओलसर बोट टेकलं की थोडी ओढून घेतं, ती कुठे कमी झाली ते फोनला कळतं. तुमची बोटं म्हणजे सुकं लाकूड. फोनच्या लेखी तुम्ही नाहीच."

बत्तीस वर्षं मी कारखान्यात काजू फोडले. टरफलातल्या तेलाने कातडी जळायची, सोलून निघायची, पुन्हा जाड व्हायची. राख चोळून आम्ही बायका परत कामाला बसायचो. रेशनच्या दुकानातही माझा अंगठा उठत नाही. पण त्याच बोटांनी मी त्या कातळात सत्तर कलमं लावली. तान्हा निलेश पाठीला, डोक्यावर हंडा. प्रत्येक झाड मला वयासकट ठाऊक आहे.

चौथ्यांदा फोन वाजला. बोट पाण्यात बुडवलं, तर थेंबांनी काच आणखीच बावचळली. अक्षया हाताची घडी घालून हसत होती.

बाजूच्या टोपलीत सकाळचे बांगडे होते. ओलसर! एक उचलला आणि त्याचं तोंड हिरव्या गोळ्यावरून सरकवलं.

"आई? रागावलीस काय?" पलीकडून निलेश बोलला.

"बाग विकायची नाही. ऐकलंस?"

"पण अक्षया म्हणत होती, तू तयार आहेस..."

"समोरच उभी आहे ती. तिनेही ऐकलंय."

"बरं. नाही तर नाही. गिऱ्हाइकाला मी आत्ताच कळवतो."

फोन बंद झाला. अक्षयाने नाकाला पदर लावला. "शी! नवा फोन, आणि वास मारतोय!"

"मग पूस," मी विळी पुढ्यात ओढली. "तुझी बोटं चालतात ना त्याला."